घुमट पीओपीचा

ग्रीसचा सुमारे 80 टक्के भाग डोंगराळ आहे. उत्तरेच्या जंगलांत अस्वलं आहेत, हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो, प्रेस्पाच्या तळ्यात पेलिकन घरटी करतात. झागोरीतली गावंच्या गावं करड्या दगडाची, अगदी छपरंसुद्धा दगडी पाट्यांची. थेसलीच्या मैदानात कापूस पिकतो. यवतमाळच्या माणसाला तिथे उतरवलं तर तो आधी भाव विचारेल. यातलं काहीही आजवर एकाही रेस्टॉरंटच्या भिंतीवर मला दिसलेलं नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या भूगोलात ग्रीस हे एकच बेट आहे. बेटावर पांढरी भिंत, भिंतीवर निळा घुमट आणि घुमटापाशी झुळझुळीत झग्यात पाठमोरी उभी असलेली एक बाई. बाईचा नवरा फोटो काढतोय, म्हणून तो चित्रात नाही.

ही साथ आपल्याकडे पोचून बरीच वर्षं झाली. पुण्यात बाणेर-बालेवाडीकडे, मुंबईत लोअर परळात, गोव्यात मोरजी-आसगावच्या पट्ट्यात, लोणावळ्यात शनिवार-रविवारी भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांत, जिथे जावं तिथे सँटोरिनी. मूळ बेट जेमतेम 76 चौरस किलोमीटरचं. आपल्याकडच्या सगळ्या सँटोरिन्या एकाला एक जोडल्या तर मूळ बेटालाच नक्कल म्हणवून घ्यावं लागेल.

हे घडतं कसं? मालक कंडक्टेड टूरने अर्धा दिवस तिकडे उतरून आलेले असतात. तो अर्धा दिवस त्यांच्या डोक्यातून जात नाही. मग इंटिरिअर डिझायनर येतात.

"सर, आपण मेडिटेरेनियन व्हाइब घेऊ या."

"म्हणजे नक्की काय, मॅडम?"

"पांढरं."

"बरं. आणि?"

"निळं."

यानंतर अठरा लाखांचं कोटेशन येतं. या सगळ्यात शहाणा माणूस एकच असतो, तो म्हणजे रंगारी. तो ड्रॉइंगांची गुंडाळी उलटसुलट बघतो आणि विचारतो, "मॅडम, सगळा पांढराच मारायचाय ना? मग एवढे कागद कशाला?"

आता या पांढऱ्याकडे वळू.

सँटोरिनी म्हणजे फुटलेल्या ज्वालामुखीची उरलेली कड. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तो असा फुटला की बेटाचा मधला भाग समुद्रात बसला आणि भोवती उभे कडे राहिले. कड्यांवर राखेचे आणि प्यूमिसचे थर. झाडं जवळजवळ नाहीत, म्हणून तुळया नाहीत. तुळया नाहीत, म्हणून छत दगडमातीत कमानीसारखं वळवून घ्यायचं. गरीब खलाशांनी तर घर बांधण्याच्या भानगडीतच न पडता ते राखेच्या कड्यात कोरलं आणि तोंडाशी एक दार, दोन खिडक्या बसवल्या. नद्या नाहीत, पाऊस वर्षाला तीन-चारशे मिलिमीटर. म्हणून छपरावर पडलेलं पाणी पन्हळीने घराखालच्या टाक्यात न्यायचं आणि ते वर्षभर पुरवायचं. छपराला चुना फासलेला असला की पाणी जरा स्वच्छ राहतं, ऊन परतवलं जातं, आत थंडावा राहतो. शिवाय चुना स्वस्त.

एवढं वाचल्यावर डिझायनर मॅडमचं प्रेझेंटेशन पुन्हा उघडा. त्यात 'ऑरगॅनिक कर्व्ह' असं लिहिलंय ती लाकडाची टंचाई आहे. 'मिनिमलिझम' म्हणजे घरात सामान घ्यायला पैसे नसणं. 'इनबिल्ट सीटिंग' म्हणजे खुर्चीची ऐपत नव्हती म्हणून भिंतीतूनच काढलेला ओटा. 'स्मॉल ओपनिंग्ज' म्हणजे जुलै-ऑगस्टात तिथे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, त्याला घाबरून लहान ठेवलेल्या खिडक्या. टंचाईचं हे सगळं शास्त्र आपण एसी लावून, गिऱ्हाइकाला गार वाटेल तिथे मांडतो आणि वर दोन माणसांच्या जेवणाचे साडेतीन हजार घेतो. धंदा म्हणून कल्पना वाईट नाही. उद्या आपल्याकडच्या एखाद्या दुष्काळी गावाची थीम कुणी काढली तरी आश्चर्य वाटायला नको. पाण्याची बाटली मात्र वेगळी लावतील.

ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी काय केलं, हेही बघण्यासारखं आहे. सँटोरिनीतल्याच इया गावात कड्याच्या वरच्या अंगाला जहाजांच्या कप्तानांचे वाडे आहेत. ते गेरूच्या, पिवळट, तांबूस रंगांचे. ऐपत आल्याबरोबर माणसाने रंग घेतला. पांढरा होता तो खालच्यांचा.

आणि सरसकट पांढरं झालं कसं? तिथे एक हकिकत सर्रास सांगतात. 1938 मध्ये कॉलऱ्याच्या धास्तीने मेटाक्सासच्या सरकारने घरांना चुना काढायचा हुकूम सोडला. हा मेटाक्सास 1936 पासून हुकूमशहा होता, त्यामुळे हुकूम ऐच्छिक नव्हता. पुढे 1967 ते 1974 या काळात लष्करशहा आले. झेंडा निळा-पांढरा, म्हणून बेटंही निळी-पांढरी, हे त्यांना फार पटलं म्हणतात. तेव्हा 'इथे आलं की कसं मोकळं मोकळं वाटतं' असं म्हणत आपण ज्या भिंतीपुढे सेल्फी घेतो, त्या भिंतीमागे आधी आरोग्य खातं उभं आहे आणि त्याच्यामागे रणगाडा.

निळ्याची गोष्ट तर आपल्या घरातली. तिकडे घरोघर 'लुलाकी' नावाची भुकटी असायची. कशासाठी? पांढरे कपडे धुतल्यावर पिवळट दिसू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात घालायला. म्हणजे आपली नीळ! आजोबांच्या धोतरांना घातली जायची तीच. ती चुन्यात कालवली की दारं-खिडक्यांना लावायला फुकटात निळा रंग तयार. रंगाच्या दुकानात हाच निळा आता भूमध्य समुद्राचं नाव लावून परदेशी शेडकार्डात बसलाय आणि लिटरवर विकला जातोय. आजीला कळलं असतं तर तिने मोरीतली पुडी काढून दिली असती.

चुना लावायचाच आहे तर तो खरा तरी लावा, एवढीच माझी मागणी. आपल्याला तो नवा नाही. कित्येक किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचं दगडी चाक अजून पडलेलं दिसतं. वाड्यांचे गिलावे चुन्याचे होते. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. आपले रेस्टॉरंटवाले मात्र प्लायवुडवर पीओपी, पीओपीवर पुट्टी आणि पुट्टीवर ॲक्रिलिक चढवतात. ॲक्रिलिकचा पापुद्रा ओल कोंडून ठेवतो. सँटोरिनीत वर्षभरात पडतो तेवढा पाऊस गोव्यात जूनच्या दोन-तीन आठवड्यांत पडून जातो. गणपतीपर्यंत त्या शुभ्र भिंतीवर बुरशीचे असे नकाशे उमटतात की ग्रीसची राहिलेली बेटंही त्यात सापडावीत. तुम्ही जेवायला जाल तेव्हा भिंतीवर एकदा बोट फिरवून बघा. बोटाला पांढरं लागलं तर चुना भिंतीला लावलाय. नाही लागलं तर कुणाला लावलाय ते बिल आल्यावर कळेल.

घुमटाचंही एक आहे. घुमटाचा आतला भाग खोलगट असतो आणि खोलगट पृष्ठभाग आवाज गोळा करून एका जागी आणून टाकतो. विजापूरच्या गोलघुमटात आपण टाळ्या वाजवायला जातो ते यासाठीच. तिथे ठीक आहे, तिथे कुणी जेवत नाही. रेस्टॉरंटात गुळगुळीत भिंती, गुळगुळीत फरशी, पडदे नाहीत, गालिचा नाही, कारण 'थीम क्लीन ठेवायचीय'. वर घुमट. मग तीन नंबरच्या टेबलावरची बहीण वाटण्यांबद्दल भावाला काय म्हणाली, हे सात नंबरवाल्याला शब्दन् शब्द ऐकू येतं आणि त्याच्या स्वतःच्या बायकोचं काहीच ऐकू येत नाही. सात नंबरला यात तक्रार नसेलही. पण ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ही चूक आहे. आणि ग्रीसच्या दृष्टीनेही आहे: निळे घुमट तिथे चर्चवर असतात, स्वयंपाकघरावर नाही. मारुतीच्या देवळाचा कळस बसवून आत चिकन लॉलीपॉप विकावं, असलाच हा प्रकार.

पुढचा ऐवज म्हणजे बोगनवेल. हवीच. गुलाबी, प्लॅस्टिकची, मीटरवर मिळते. ही वेल मुळात दक्षिण अमेरिकेतली. 1760 च्या दशकात बोगनव्हिल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा त्याच्याबरोबरच्या कोमर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती ब्राझीलमध्ये टिपली. पेरिक्लिस, प्लेटो, सॉक्रेटिस, कुणाच्याही दारात ती नव्हती. (ग्रीक सॅलडमधला टोमॅटोही अमेरिकेतलाच, पण सॅलडवर मी काही बोलणार नाही, चांगलं लागतं.) आपल्याकडे हीच बोगनवेल महामार्गांच्या दुभाजकांवर टँकरच्या पाण्यावर ढिगाने फुलते. खरी. तिच्या शेजारून गाडी हाकत माणूस खोट्या बोगनवेलीखाली बसायला चाळीस मिनिटं जातो, आणि पार्किंगवाल्याशी भांडतो.

ऑलिव्हच्या झाडाचे दोन प्रकार: एक प्लॅस्टिकचं, दुसरं मरणपंथाला लागलेलं. खऱ्या झाडाला दिवसभराचं खडखडीत ऊन लागतं. त्याला कुंडीत घालून एसीच्या तोंडाखाली ठेवलं की पंधरवड्यात ते वेटरच्या खांद्यावर पानं गाळू लागतं. क्रीट बेटावर व्हुव्हेस गावात एक ऑलिव्ह आहे, ते दोन हजार वर्षांहून जुनं मानतात आणि अजून फळ धरतं. आपल्या रेस्टॉरंटचा भाडेकरार पाच वर्षांचा, त्यातली पहिली दोन इंटिरिअरमध्ये जातात.

ज्यांना बेट परवडत नाही ते खांबांवर भागवतात. थर्मोकोलचे किंवा फायबरचे, दुधासारखे पांढरे, मधे हात तुटलेली एक बाई. इथेही पांढऱ्याचाच घोटाळा. पुरातन ग्रीक लोक देवळं आणि मूर्ती चांगल्या भडक रंगवत असत. आपल्या गावदेवीच्या देवळाचा रंग बघून नाक मुरडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. पांढऱ्या संगमरवराची भक्ती युरोपात रुजवली ती विंकलमन नावाच्या जर्मन पंडिताने. 1764 मध्ये त्याने प्राचीन कलेचा मोठा इतिहास छापला. हा गृहस्थ आयुष्यात कधी ग्रीसला गेला नव्हता. त्या अर्थी तो आपल्या डिझायनरांचा मूळ पुरुष. पुढे 1937-38 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पं 'नीट पांढरी' दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडून काढली गेली. आणि 2009 मध्ये त्याच म्युझियमच्या शिल्पांवर इजिप्शियन निळ्या रंगाचे कण सापडले. म्हणजे निळा होता. फक्त आपण म्हणतो तिथे नव्हता.

बाकी खांबच हवे असतील तर बाणेर रस्त्यावर मेट्रोने उभे केलेत की. दारातच आहेत, डोरिक आहेत, आणि फुकट आहेत.

सगळा दोष डिझायनरांच्या माथी मारणं बरं नाही. त्यांनी ग्रीस पाहिला तो सिनेमात आणि सिनेमावाल्यांनी तरी कुठे धड दाखवला? ग्रीस जगाला विकला तो 1964 च्या 'झोर्बा द ग्रीक'ने. तो चित्रपट कृष्णधवल आहे! निळ्याचा एक थेंब त्यात नाही. त्यातलं सिर्ताकी नृत्य, जे आज प्रत्येक ग्रीक रेस्टॉरंटात शनिवारी रात्री 'शतकांची परंपरा' म्हणून वेटर नाचून दाखवतात, ते त्या चित्रपटासाठीच बसवलं होतं. 'मामा मिया' (2008) स्कोपेलोस बेटावर चित्रित झाला, ते पाइनच्या झाडांनी गच्च हिरवं आहे. आणि नायिकेचं ते मोडकं-तोडकं गोड हॉटेल इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत बांधलं होतं. दुसरा भाग 2018 मध्ये आला, त्यातलं ग्रीक बेट म्हणजे क्रोएशियातलं व्हिस. ग्रीसलाच ग्रीसची भूमिका मिळेना, तिथे बालेवाडीला काय बोलायचं.

'झोर्बा'वरून एका खऱ्या खानावळीची सजावट सांगतो. त्या चित्रपटाचा छायाचित्रकार वॉल्टर लासली. त्याला या कामासाठी ऑस्कर मिळालं. म्हातारपणी तो क्रीटमध्येच, जिथे चित्रीकरण झालं त्या स्ताव्हरोसच्या किनाऱ्याजवळ येऊन राहिला आणि आपली ऑस्करची बाहुली त्याने किनाऱ्यावरच्या एका टॅव्हर्नात ठेवून दिली. येणारे-जाणारे मासे खाता खाता ती बघत. 2012 च्या सुरुवातीला टॅव्हर्नाला आग लागली आणि बाहुली जळाली. समोर किनारा, टेबलावर मासा, फळीवर ऑस्कर. असं इंटिरिअर कोटेशन मागवून होत नाही.

न्यूयॉर्कचा मासला वेगळाच. तिथले बहुतेक डायनर एकेकाळी ग्रीकांचे. 1960 च्या दशकात लेस्ली बक नावाच्या विक्रेत्याने त्यांच्यासाठी कॉफीचा कागदी पेला काढला: निळा-पांढरा, काठाला ग्रीक वेलबुट्टी, मधे सुरई. पुढे तो पेला त्या शहराची खूण होऊन बसला. बक ग्रीक नव्हता. चेकोस्लोव्हाकियातला, नाझी छळछावण्यांतून जिवंत सुटलेला ज्यू. त्याने ग्रीकपणा एका कागदी पेल्यात बसवला. अठरा लाख नाही घेतले.

आता खरोखर देखावा खानपानाच्या जागेत कुणी आणला का? आणला. दिमित्रिस पिकिओनिस या वास्तुकाराने. 1954 ते 1957 या काळात अक्रोपोलिसभोवती आणि समोरच्या फिलोपापू टेकडीवर त्याने पायवाटा घातल्या. तेव्हा अथेन्समध्ये जुनी घरं पाडून सिमेंटच्या इमारती उठत होत्या. पाडलेल्या घरांचे संगमरवरी तुकडे, उंबरे, कोरीव दगड पिकिओनिसने गोळा केले आणि गवंड्यांना हाताशी धरून जागेवर एकेक दगड फिरवून बघत बसवले. वाट कुठे वळणार हे वळल्यावर समोर काय दिसेल यावरून ठरायचं. या कामाला घाई चालत नाही आणि ठेकेदाराला टक्के सुटत नाहीत, म्हणून ते पुन्हा कुणी फारसं केलं नाही.

या वाटेवर लुम्बार्दियारिस नावाचं एक जुनं, बुटकं चर्च आहे. त्याच्या अंगणाला लागून पिकिओनिसने चढून दमलेल्या माणसाला टेकायला, काहीतरी प्यायला एक मांडव घातला. लाकडाचे खांब आणि तुळया, दगडी फरसबंदी, बसायला ठेंगणे कट्टे. बघणाऱ्यांना त्यात जपानी चहाघर दिसतं, आणि ते खोटं नाही. पिकिओनिसला त्याचं वावडं नव्हतं. घुमट नाही, निळा रंग नाही, भिंतीवर बेटाचं चित्र नाही. भिंतच फारशी नाही. देखावा झाडांच्या फांद्यांतून आपोआप आत येतो. माझ्या मते ग्रीक निसर्गावरून सुचलेली बसण्याची जागा बघायची तर ही एक पुरे.

आरिस कॉन्स्टँटिनिडिस हा दुसरा. सरकारी पर्यटन खात्याची 'झेनिया' हॉटेलं 1957 पासून दहा वर्षं त्याच्या देखरेखीखाली उभी राहिली. जिथला दगड तिथेच लावायचा, काँक्रीट उघडं ठेवायचं, लाडिकपणा बंद. मिकोनोससारख्या बेटावर त्याने गोंडस पांढरं घर काढलं नाही, तिथल्याच दगडाच्या रांगड्या भिंती उचलल्या. नंतर कित्येक झेनिया ओस पडली. लोकांना गोंडसच हवं होतं.

आणि साध्या माणसांनी तर डिझायनरशिवायच भागवलं. डोंगरातल्या ग्रीक गावाच्या चौकात एक अवाढव्य प्लातानोस असतो, म्हणजे काश्मिरातला चिनारच. त्याच्याखाली खुर्च्या-टेबलं टाकली की झाली खानावळ. छत झाडाचं, पंखा वाऱ्याचा, संगीत रातकिड्यांच्या थोरल्या भावांचं, सिकाडांचं. दुपारी ते असे किरकिरतात की मोठ्याने बोलावं लागतं. खुर्ची लाकडी, बैठक लव्हाळ्याने विणलेली. टेबलावर कागद, तो उडू नये म्हणून कडांना चिमटे. टेबलाचा एक पाय डुगडुगतो. खाली तीन मांजरं. समोरच्या टेकडीवर बकऱ्या. ग्रीसचा अर्धा डोंगर ज्यांनी शतकानुशतकं चरून तसा उघडा केला त्या या बकऱ्या, आणि आपल्या सँटोरिन्यांत एक बकरी नाही. ती थेट ताटात येते, आणि तीही बहुतेक वेळा पनीर होऊन.

शहरात म्हणाल तर अथेन्सच्या मोठ्या मंडईजवळचं दिपोर्तो. एकोणिसाव्या शतकापासून चाललेलं तळघर. वर पाटी नाही. आत मेनू नाही. भिंतीला लागून वाइनची पिंपं, आणि भांड्यात त्या दिवशी जे शिजलंय ते. काबुली चण्याची पातळ भाजी ठरलेली. दुसऱ्याच्या टेबलाला टेकून बसावं लागतं. तळघर असल्यामुळे देखावा म्हणाल तर येणाऱ्यांचे पाय. इथे जेवल्यावर कुणालाही आपण इटलीत आहोत असं वाटलेलं नाही.

श्रीमंती थाटात करायचं तरी वाट आहे. कोस्तास स्पिलिआदिस याने 1979 मध्ये माँट्रियलला 'मिलोस' काढलं. समुद्राचं चित्र काढण्याऐवजी त्याने दारातच बर्फावर अख्खे मासे मांडले. बोट दाखवायचं, वजन करायचं, भाजून यायचं. समुद्र दाखवण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही, आणि मालवण-रत्नागिरीच्या माणसाला तर तो शिकवावाही लागणार नाही.

एक जमिनीवरची गोष्ट सुचवतो, मालकांना उपयोगी पडेल. सँटोरिनीचा नामांकित पदार्थ आहे 'फावा': पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वरून कांदा, ऑलिव्हचं तेल. ही डाळ ज्या कुळातली त्याच कुळातली आपली विदर्भातली लाखोळी. तिच्यावर आपल्याकडे 1961 मध्ये विक्रीबंदी आली होती. तिकडे तिच्या बहिणीला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. जात वेगळी आहे, सरसकट बदली करू नका. पण साडेचारशे रुपयांना फावाच्या नावाखाली मुगाचं वरण देऊ नका, एवढं तर करता येईल?

मालकांचं यावर एक ठरलेलं उत्तर असतं. "अहो, लोक फोटो काढायला येतात, जेवण दुय्यम." मान्य. मग पाटीवर 'फोटो स्टुडिओ' लिहा, तासाचा दर लावा आणि वडापाव फुकट द्या. हिशेब सरळ होईल.

अस्सल ग्रीसचा हट्टच असेल तर तो स्वच्छतागृहापासून धरावा. तिकडच्या जुन्या इमारतींचे सांडपाण्याचे नळ इतके अरुंद की कागद आत टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, अशी चिठ्ठी दारोदार लावलेली असते. एवढी एक गोष्ट आजवर एकाही थीम रेस्टॉरंटने उचललेली नाही.

ग्रीसची टूर घेणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं: दिपोर्तो तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत नसणार. टूर मॅनेजर मोकळा वेळ देईल त्यातला एक तास काढा. सोक्रातूस आणि थिएत्रू या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर जमिनीत उतरणारी दारं दिसतील, त्यातल्या कुठल्याही एकाने खाली जा. दुपारीच जा, खिशात रोख ठेवा, आणि जे पुढ्यात येईल ते खा.